माठाच्या चार पेरण्या

तिसऱ्यांदा पेरलेला माठही उगवला नाही, तेव्हा मी हातपाय धुतले, देवापुढे उदबत्ती लावली आणि पठारेबाईंच्या दारात जाऊन त्यांना सांगितलं, की तुमच्या जास्वंदीची फुलं चार वर्षं मीच तोडते आहे.

पठारेबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही?"

"हो. पहाटे, कुंपणावरून हात घालून. रोज पाच. संकष्टीला एकवीस."

त्यांनी बोटांतला खडा बाहेर फेकला. मग म्हणाल्या, "वैनी, चार वर्षं मी त्या रावबाला शिव्या देतीय."

रावबा आमच्या वसाहतीचा राखणदार. दिवाळीला त्याला सगळ्या घरांतून फराळ जायचा, फक्त पठारेबाईंकडून जायचा नाही. त्याचं कारण मी आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून आमच्या घरून मी त्याला दोन चकल्या जास्त द्यायची. एवढ्यावर मी चार वर्षं मनाची समजूत घातली होती.

मागून न्यायची होती, नाही म्हटलं असतं का मी, असं त्या म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं, की मागून आणलेल्या फुलाचं अर्धं पुण्य देणाऱ्याला जातं असं लहानपणापासून ऐकलं होतं.

"म्हणजे माझं चार वर्षांचं अर्धं पुण्य बी गेलं," पठारेबाई म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, की उद्यापासून पहाटे त्या स्वतः झाडाशी बसणार आहेत.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा नगरकडच्या एका शेती संशोधन केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. हे तिथे शेतीसहायक होते. शेजारी पठारे, ते केंद्राचा ट्रॅक्टर चालवायचे. आमच्या घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

त्या वर्षी सासूबाईंच्या ऋषिपंचमीच्या व्रताचं उद्यापन करायचं ठरलं होतं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, भाजी नाही. हाताने खणलेल्या मातीत आलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. सासूबाईंनी हे एकोणचाळीस वर्षं पाळलं होतं. उद्यापन मात्र दर वर्षी राहून जाई. एका वर्षी सुतक आलं, मग सासऱ्यांचं आजारपण, मग त्यांचा स्वतःचा मोतीबिंदू. यंदा त्या म्हणाल्या होत्या, की आता नाही झालं तर ते माझ्या हातून राहिलंच समजा. त्या असं काही रडत म्हणायच्या नाहीत. वाती वळता वळता म्हणायच्या, म्हणून जास्त लागायचं.

म्हणून मी परसातला तुकडा स्वतः कुदळीने खणला. आषाढात मका, भोपळा, पडवळ लावलं, अळवाचे कंद पुरले. ते सगळं छान आलं. माठ तेवढा श्रावणात पेरायचा ठेवला, म्हणजे पंचमीला कोवळा मिळेल. आमच्या घरात माठाशिवाय ऋषीची भाजी होत नाही. बाजारातला माठ चालणार नव्हता, तो कुणी कसा नांगरला कोण सांगणार?

श्रावण शुद्ध तृतीयेला मी पहिल्यांदा पेरला. माठ चार दिवसांत वर येतो. पाच दिवस झाले तरी मातीवर लाल ठिपका दिसेना. बी जुनं असेल म्हणून त्यातलंच थोडं ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी ते मोडावलं. म्हणजे बियांत दोष नव्हता. मातीत म्हणावा तर तिच्यात भोपळा माजला होता. उरले मी.

एकादशीला दुसऱ्यांदा पेरायच्या आधी मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सांगितलं, की मागच्या हरतालिकेला मी निर्जळी पाळली नाही. अर्धा कप चहा घेतला, बिनसाखरेचा.

"साखर का नाही घातलीस?"

"पाप थोडं कमी व्हावं म्हणून."

"मग चहाची चव गेली आणि पाप राहिलंच की," त्या म्हणाल्या आणि जपाला बसल्या.

माठ उगवला नाही.

तिसऱ्या पेरणीच्या आधी मी दोन गोष्टी कबूल केल्या. एक नणंदेला कार्डावर लिहिली, की तुम्ही पाठवलेलं लोणचं आम्ही खाल्लं असं मी कळवलं होतं, पण ते फार खारट होतं म्हणून मी ते वाटून टाकलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं. त्यात 'सौ. वहिनीस' याच्यापुढे एकच ओळ होती: बरणी परत पाठवणे.

दुसरी जास्त कठीण होती. दुपारी मी सासूबाईंना पोथी वाचून दाखवायची. त्यांचे डोळे मिटले, की मी पानं गाळायची. सात वर्षं गाळत होते. तेही सांगितलं.

"मी झोपलेली नसायचे गं," सासूबाई म्हणाल्या. "बारावा अध्याय तू कधीच वाचला नाहीस. मलाही तो आवडत नाही. म्हणून तर डोळे मिटायचे."

तरी माठ उगवला नाही. आणि एक गोष्ट मला आणखी घाबरवत होती. त्या वाफ्यात गवतसुद्धा उगवत नव्हतं. भर श्रावणात सगळं परस हिरवं झालेलं, वाटेवर हरळी, भिंतीच्या फटीत आघाडा, आणि माझा वाफा मधोमध स्वच्छ, सारवल्यासारखा. यांना तो दाखवला, तर हे कधी नव्हे ते खुशीत आले. म्हणाले, गवत नाही हे एक बरं झालं, नाही का? मला त्यांचा फार राग आला. घरावर एवढं सावट आलेलं आणि या माणसाला गवताचं कौतुक. रागावल्याबद्दल मी संध्याकाळी देवाची क्षमा मागितली. यांची नाही मागितली.

मग फुलांचं सांगायला पठारेबाईंकडे गेले. ते आधी सांगितलंच.

त्यानंतरही एक पाप माझ्याजवळ शिल्लक होतं. ते मी कुणाला सांगायला तयार नव्हते. पंचमीला दहा दिवस राहिलेले, आता पेरून माठ हाताला लागणार नाही हे कळत होतं, तरी मी त्या संध्याकाळी चौथ्यांदा बी टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी पिंपळाला प्रदक्षिणा घालायला गेले. केंद्राच्या फाटकाशी मारुती होता, त्याच्यामागे पार. उद्यापन निर्विघ्न पार पडावं म्हणून चातुर्मासभर रोज एकशे आठ प्रदक्षिणांचा माझा नेम होता.

परत आले तर आमच्या परसात गर्दी. पठारेबाई कमरेला पदर खोचून उभ्या. रावबाने यांचा दंड धरलेला. आणि यांच्या हातात झारी.

पठारेबाई जास्वंदीशी राखणीला बसल्या होत्या. अंधारात कुंपणाशी माणूस हलताना दिसला, तशी त्यांनी हाक मारली. रावबाच्या चार वर्षांच्या बदनामीचा प्रश्न होता. तो असा धावत आला, की एक वहाण वाटेतच राहिली. फुलचोर सापडला म्हणून त्याने मागून मिठी मारली आणि मग त्याला कळलं, की हे खरवंडीकर साहेब आहेत आणि स्वतःच्याच परसात उभे आहेत. पण धरलेला दंड सोडावा का नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

झारीच्या तळाशी तांबूस पाणी उरलं होतं, आंबूस वासाचं. रावबाने तोंड खाली नेऊन वास घेतला. "दारू न्हाई ही," तो म्हणाला. त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

"मग काय आहे?" मी विचारलं.

यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वाफ्याकडे. "ज्वारी," म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. केंद्रात कुलथे साहेबांचा एक प्रयोग चालू होता. ज्वारीची ताटं बारीक कापून दिवसभर पाण्यात भिजत घालायची, ते पाणी गाळून रानात शिंपडायचं. जिथे शिंपडलं तिथे तण उगवत नाही, असं साहेबांना दिसत होतं. त्यातही काटेमाठ तर डोकंच वर काढत नव्हता. यांनी ते रोज पाहिलं होतं. आणि घरी मी, बैल नको, औत नको म्हणून दोन्ही गुडघे चिखलात टेकून एकेक काडी उपटत बसलेली. तेव्हा यांनी मला न सांगता त्यातली एक झारी घरी आणली. पहिल्या पेरणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ओतली. मी पुन्हा खणलं, की यांना वाटायचं आता नवं गवत येणार. म्हणून पुन्हा ओतली. मी चार वेळा पेरलं, यांनी चार वेळा ओतलं. मी पिंपळाभोवती कशाची क्षमा मागावी याचा विचार करत फिरायची, आणि नेमकं तेव्हाच हे झारी वाकडी करून माझ्या पाठीमागून सगळं बी निजवून ठेवायचे.

"अहो, माठ उगवत नाही म्हणून मी गावभर पापं सांगत हिंडले," मी म्हणाले. "तुम्ही ऐकत होतात की."

"मला वाटलं, बी खराब असेल. हे तणासाठी आहे, भाजीला काही होणार नाही असं मी धरून चाललो."

पठारेबाई एवढा वेळ गंभीर होत्या. आता त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले.

इतक्यात सासूबाई जपमाळ हातात घेऊन पायरीवर आल्या. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं. माठाचं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"वामना, ही ज्वारी कुणी नांगरलेल्या जमिनीतली?"

यांनी झारी पाठीमागे घेतली. म्हणजे ही शंका यांना पहिल्या दिवसापासून होती, म्हणूनच मला सांगितलं नव्हतं. बैलाने नांगरलेल्या रानातल्या ज्वारीचं पाणी त्या मातीत चार वेळा मुरलं असेल, तर नुसता माठच नाही. भोपळा, पडवळ, मका, अळू, सगळंच बाद. उद्यापन संपलं.

पठारेंना झोपेतून उठवून आणलं. ते तोंडात मिश्री घेऊन आले आणि प्रश्न ऐकून ती थुंकायला परत गेले. मग म्हणाले, "ट्रॅक्टरनं, आजी. मीच केलीय नांगरट. केंद्रात औत न्हाईच."

"एकही बैल नाही?"

"एक हाय. पण तो वळू हाय, सरकारी. त्याला औताला लावायचा न्हाई असा हुकूम हाय."

"मग त्याला काहीच कष्ट नाहीत?"

पठाऱ्यांनी बायकांकडे बघितलं, मग आभाळाकडे. "कष्ट म्हणावं असं काय न्हाई, आजी."

सासूबाईंनी माळेचे दोन मणी ओढले. "माती चांगली आहे," त्या म्हणाल्या, आणि आत जाता जाता, "पण माठ नाहीच."

मी चहा करत असताना हे स्वयंपाकघरात आले. हे म्हणाले, "एक विचारू? रागावणार नसशील तर."

मी रागावलेलीच होते, त्यामुळे नाही म्हटलं.

"एकशे आठ प्रदक्षिणांना पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी मी तेवढा वेळ धरून झारी घेतली, तर तू वीस मिनिटांत दारात. मला तुळशीमागे उकिडवं बसावं लागलं. तेव्हापासून मी घाई करतो. तू किती घालतेस?"

चहा उतू गेला. हेच ते पाप होतं. "चाळीस," मी म्हणाले. "पुढे गुडघा वाकत नाही."

"आणि त्याच गुडघ्यावर तू खुरपायला बसत होतीस."

मी चहाचा कप घेऊन तशीच सासूबाईंकडे गेले आणि सांगून टाकलं, की तुमच्या उद्यापनासाठी बोललेल्या प्रदक्षिणांत मी रोज अडुसष्ट बुडवल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खरंच रागावल्या, पण म्हणाल्या, "मला सांगायचंस. माझे गुडघे धडधाकट आहेत." दुसऱ्या दिवसापासून चाळीस मी घालायची, मग पारावर बसून मोजायची, आणि अडुसष्ट त्या घालायच्या. त्या माझ्यापेक्षा भरभर चालायच्या.

दुपारपर्यंत पठाऱ्यांनी केंद्रात बातमी पोचवली होती. कुलथे साहेब स्कूटरवरून आले. न विचारता पाणी नेलं म्हणून आता बोलणी खावी लागणार, या भीतीने हे दारामागे उभे. साहेबांनी कुणाकडे बघितलं नाही. थेट वाफ्याशी जाऊन ते उकिडवे बसले, नाक मातीला लागेल एवढे वाकले आणि म्हणाले, "शून्य. खरवंडीकर, एकसुद्धा नाही हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मग त्यांनी मला पेरणीच्या तारखा विचारल्या. मी तिथी सांगितल्या. शुद्ध तृतीया, एकादशी, वद्य चतुर्थी, वद्य दशमी. साहेब आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभे राहून एकेक तिथीची तारीख करून वहीत लिहीत होते. किती बी टाकलं, किती खोल, कधी पाणी घातलं, सगळं मला नीट आठवत होतं. मी सांगत होते आणि माझ्या मनात येत होतं, की या प्रत्येक तारखेला मी काय काय कबूल केलं तेही यांना हवं असेल का.

त्यांनी समजावून सांगितलं, की ज्वारी आपल्या आसपास दुसऱ्या कुणाला सहज उगवू देत नाही. तिच्या मुळांतून, ताटांतून तसा रस मातीत उतरतो. भोपळ्याच्या, मक्याच्या बियांत शिदोरी भरपूर असते, ते त्यातून निभावतात. बारीक बी मात्र आतल्या आत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस पडून गेला, की मातीतून ते निघून जातं. "आणि माठ, काटेमाठ एकाच कुळातले," साहेब यांना म्हणाले. "हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"साहेब," हे दारामागून म्हणाले, "एक भाजी आहे आणि एक तण आहे."

सासूबाई एवढा वेळ ऐकत होत्या. त्यांनी साहेबांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उगवत का नाही ते कळलं. आता उगवतं कुठे ते सांगा."

साहेब हसले. म्हणाले, उगवतं तर केंद्रात. प्रयोगात एक तुकडा असाच सोडलेला होता, काही न शिंपडलेला, नुसता तुलनेसाठी. तिथे काटेमाठ, तांदुळजा, रानमाठ गुडघाभर झाला होता.

"पेरला कुणी?"

"कुणीच नाही. तण आहे ते, आजी."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आपोआप उगवलेला, बैलाचा खूर न लागलेला माठ. माझ्या चार पेरण्यांपेक्षाही तो व्रताला जास्त धरून होता. पण साहेब लगेच सावध झाले. ते तण मोजायचं होतं. ते उपटून, भट्टीत वाळवून, मग वजन करायचं होतं. त्यावर त्यांचा वर्षभराचा अहवाल उभा होता.

"वाळवून वजन कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ओलं करा. जास्त भरेल."

ते तसं चालत नाही, असं साहेबांनी खूप मऊ आवाजात सांगितलं. सासूबाईही आवाज न चढवता म्हणाल्या, की माझ्या व्रतातही एकोणचाळीस वर्षं बरंच काही चालत नाही. अर्धा तास दोघं बोलत होते. शेवटी ठरलं ते असं: पंचमीच्या सकाळी साहेब स्वतः येणार, सुट्टी असली तरी. सगळं मोजायचं. मग निम्मं भट्टीला, निम्मं आमच्या पातेल्याला.

आणि तसंच झालं. पंचमीला सकाळी आम्ही तिघी, सासूबाई, पठारेबाई आणि मी, त्या तुकड्यात उतरलो. साहेब दोरी लावून चौकोन आखत होते, हे आकडे लिहीत होते. सासूबाई कोवळे शेंडे भट्टीच्या ढिगातून हळूच आमच्या टोपलीत टाकायच्या आणि साहेब ते बघून न बघितल्यासारखं करायचे. काट्यांनी आमची बोटं सोलून निघाली. रावबाने टोपली डोक्यावर घेतली. तिच्यावर पठारेबाईंनी परडीभर जास्वंदीची फुलं ठेवली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाल्या, की ही मी दिलेली आहेत, हिशेबात धरायला सांग.

सप्तर्षींच्या नावाने सात पानं मांडली. सातवे पाहुणे आयत्या वेळी गावाला गेले, म्हणून त्या पानावर साहेब बसले. त्यांनी ऋषीची भाजी तीनदा घेतली. बिनतेलाची, बिनमसाल्याची, सगळ्या भाज्या एका पातेल्यात. जेवताना एकदा थांबून त्यांनी यांना विचारलं, की आपण शिजलेल्याचं वजन घेतलं का.

सगळे गेल्यावर, दुपारी तीनच्या सुमाराला, आम्ही दोघी सासवा-सुना जेवायला बसलो. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलं आहे. मी बघायचं टाळलं.

"झालं ना गं सगळं?" त्यांनी विचारलं. "राहिलं नाही ना काही?"

"नाही आई. सगळं यथासांग झालं."

"संकल्प सोडला, दक्षिणा दिली, पानं उठली. आता काही मोडत नाही ना?"

आता काय मोडणार, मी म्हणाले.

त्यांनी दाराकडे बघितलं. हे ओसरीवर आडवे झाले होते.

"तू जिकडेतिकडे सांगत सुटलीस, तेव्हा मलाही वाटत होतं आपणही सांगून टाकावं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण म्हटलं, आधी उद्यापन होऊ दे. व्रताचं पहिलंच वर्ष होतं. हा पोटात होता, पाचवा महिना. सकाळपासून नुसती कंदमुळं. दुपारी शेजारच्या घरातून भाकरी भाजल्याचा वास आला. मी मागच्या दाराने गेले आणि गोठ्यात उभी राहून खाल्ली."

"कशाची?"

"ज्वारीची. बैलाने नांगरलेल्या." त्यांनी ओसरीकडे हात केला. "पोटात असल्यापासून हा ज्वारी घेऊन माझ्या व्रतात शिरतोय."

मला हसू येत होतं आणि हसणं बरं दिसेल की नाही ते कळत नव्हतं. एकोणचाळीस वर्षं ही बाई हे एकटीने मनात ठेवून होती. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणाले, "एकच भाकरी ना आई, तीही दिवस गेलेले असताना. मग पुढे काय केलंत?"

सासूबाईंनी पानातला माठ निगुतीने गोळा केला.

"काय करणार? व्रत तर मोडलंच होतं," त्या म्हणाल्या. "दुसरी मागून घेतली."